काम करणाऱ्या कुत्र्यांच्या प्रशिक्षणाची पदवी: फलटणच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नांना उत्तर

फलटण तालुक्यातील एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर पोलीस, लष्कर किंवा वनखात्यासाठी कुत्रे तयार करणारा प्रशिक्षक व्हायचे असेल, तर त्याची पदवी कोठे मिळते. एक खासगी संस्था वर्षभरात ‘वर्किंग डॉग ट्रेनिंगची पदवी’ देऊ म्हणते आणि त्यासाठी काही लाख रुपये मागते, ते द्यावेत का. अमेरिकेत जावे का. वडील पशुवैद्यक व्हायला सांगतात, ते योग्य आहे का. आणि घरी असलेल्या दीड वर्षाच्या लॅब्रेडॉरबरोबर आत्तापासून काही शिकता येईल का, हेही त्याला जाणून घ्यायचे आहे. मी सव्वीस वर्षे गणवेशात कुत्र्यांबरोबर काम केले असून त्यातील शेवटची अकरा वर्षे नव्या हस्तकांना, म्हणजे कुत्रा हाताळणाऱ्या जवानांना, शिकवण्यात गेली. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

पैशाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो तुमच्या वडिलांच्या कष्टाचा पैसा आहे. आपल्या देशात ‘पदवी’ देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याच्या कलम २२ नुसार केवळ विद्यापीठांना, विद्यापीठ समजल्या जाणाऱ्या संस्थांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. कुत्र्यांची प्रशिक्षणशाळा, मग ती कितीही चांगली असो, प्रमाणपत्र देऊ शकते, पदवी देऊ शकत नाही. जी संस्था प्रमाणपत्राला पदवी म्हणते ती पहिल्याच पायरीवर तुम्हाला चुकीची माहिती देत आहे, आणि पहिल्या पायरीवर असे करणारा माणूस पुढे कुत्र्याच्या नोंदी खऱ्या लिहील असे मला वाटत नाही. याचा अर्थ सगळ्या खासगी शाळा वाईट आहेत असा नाही. काही ठिकाणी जुने, अनुभवी प्रशिक्षक मनापासून शिकवतात. तेथे जायचे असेल तर प्रमाणपत्राचा कागद किती जाड आहे ते पाहू नका. रोज किती तास, किती वेगवेगळ्या कुत्र्यांबरोबर आणि कोणाच्या नजरेखाली काम करायला मिळेल, एवढेच विचारा.

आणखी एक प्रश्न जरूर विचारा, कारण त्याच्या उत्तरावरून शाळेची पारख होते. स्फोटके किंवा अमली पदार्थ शोधणारा कुत्रा तयार करतो असा जिचा दावा आहे, ती संस्था वासाचे नमुने कोठून आणते? अमली पदार्थ बाळगण्यावर १९८५ च्या कायद्याचे, स्फोटकांवर १८८४ आणि १९०८ च्या कायद्यांचे, तर वाघाचे कातडे किंवा खवले मांजराचे खवले यांवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक निर्बंध आहेत. परवानगीशिवाय असा नमुना ठेवणे हाच गुन्हा आहे, आणि नमुना नसेल तर कुत्र्याला नेमके काय शिकवले हे कोणालाच सांगता येत नाही. प्रशिक्षणासाठी कृत्रिम गंधद्रव्येही मिळतात; परंतु कृत्रिम वासावर तयार झालेला कुत्रा खऱ्या पदार्थावर तपासून घेतल्याशिवाय त्याच्यावर माणसांचे जीव सोपवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच या दोन कामांचे खरे शिक्षण आजही मुख्यतः सरकारी केंद्रांतच होते.

ही केंद्रे कोणती, ते थोडक्यात सांगतो. लष्कराचे कुत्रे आणि त्यांचे हस्तक मेरठ येथील रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या (लष्करातील प्राण्यांची जबाबदारी असलेल्या दलाच्या) केंद्रात तयार होतात. तेथील श्वान प्रशिक्षण १९६० साली सुरू झाले. सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे आहे आणि अनेक राज्यांच्या पोलिसांचे कुत्रे तेथे शिकून जातात. भारत-तिबेट सीमा पोलिसांचे केंद्र हरियाणात पंचकुलाजवळ भानू येथे, तर केंद्रीय राखीव पोलीस दलाचे बंगळुरूजवळ तरळू येथे आहे. आपल्याकडे पुण्यात शिवाजीनगरला राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात ज्याने ३,००० किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिल्याची नोंद आहे, तो मुंबई पोलिसांचा ‘झंजीर’ हा लॅब्रेडॉर याच केंद्रात शिकला आणि डिसेंबर १९९२ मध्ये बॉम्बशोधक पथकात दाखल झाला. म्हणजे स्फोटमालिकेच्या वेळी तो सेवेत जेमतेम अडीच महिने मुरलेला होता. नव्या हस्तकांना मी हे आवर्जून सांगत असे, कारण त्या कुत्र्याचे सगळे श्रेय लोक त्याच्या नाकाला देतात आणि शिवाजीनगरच्या मैदानावर त्याआधी रोज सकाळी झालेले काम कोणालाच दिसत नाही.

या केंद्रांत बाहेरचा विद्यार्थी शुल्क भरून प्रवेश घेऊ शकत नाही. तेथे जाण्याचा रस्ता भरतीतून जातो. महाराष्ट्रात बारावी उत्तीर्ण तरुणाने आधी पोलीस शिपाई व्हायचे, नंतर श्वान पथकासाठी इच्छा कळवायची आणि निवड झाली की कुत्र्याबरोबर प्रशिक्षणाला जायचे, असा हा क्रम आहे. कुत्र्याबरोबर हे शब्द मी मुद्दाम लिहिले. तयार कुत्रा हस्तकाच्या हाती दिला जात नाही. दोघे एकत्र शिकतात आणि कामाच्या प्रकारानुसार त्याला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. हा रस्ता लांबचा वाटतो आणि भरतीची खात्री कोणी देऊ शकत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही पगार घेत, सरकारी नमुन्यांवर, जुन्या हस्तकाच्या हाताखाली शिकण्याची दुसरी जागा आपल्याकडे नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. कुत्र्याला वास शिकवणे हे या कामातील तुलनेने सोपे काम आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या सुमारे पन्नास-साठ लाख पेशी असतात आणि कुत्र्याच्या नाकात, जातीनुसार, वीस ते तीस कोटी असतात असे मानले जाते. वास आला की चेंडू मिळतो, एवढे नाते चांगल्या कुत्र्याला थोड्या दिवसांत कळते. अवघड असते ते कुत्र्याला वाचणे. वासाच्या कडेला लागताच त्याच्या शेपटीची चाल बदलते, श्वास तोकडे आणि भराभर होतात, मान मागे वळते, तो एकदा पुढे जाऊन परत फिरतो. वारा कोणत्या बाजूने आहे, भिंत तापली आहे का, दाराच्या फटीतून हवा आत ओढली जाते की बाहेर पडते, यावर वास पदार्थापासून किती दूर वाहून जाईल हे ठरते. त्यामुळे कुत्रा जेथे बसला तेथेच पदार्थ असेल असे नसते. हे सगळे पाहायला डोळे तयार व्हावे लागतात आणि डोळे तयार व्हायला शेकडो तास जातात. वर्गात ते शिकवता येत नाही.

या बाबतीतली माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या सातव्या वर्षी माझ्याकडे एक उत्तम कुत्री होती आणि रोजच्या सरावात ती क्वचितच चुकत असे. सरावाचे नमुने मीच लपवत होतो. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला खोलीबाहेर थांबवून नमुने लपवले आणि दोन खोल्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. माझ्या कुत्रीने दोन्ही रिकाम्या खोल्यांत खूण दिली, म्हणजे वास सापडल्याचे दाखवले. कारण मी एका कपाटापाशी थोडा रेंगाळलो होतो, आणि गेली काही महिने तिने वास शोधण्याबरोबर माझे रेंगाळणे वाचायला शिकून घेतले होते. तिचा काहीच दोष नव्हता. तिला मी जे शिकवले तेच तिने केले. त्या दुपारी मी पथकात परतलो तेव्हा मनात एकच गोष्ट होती: त्या खोल्यांत खरोखर बॉम्ब असता, पण तो मी रेंगाळलो त्या जागी नसता, तर काय झाले असते.

ही फसगत माझ्यापुरती नव्हती, हे मला नंतरच्या वाचनातून कळले. बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा खूर आपटून गणिते सोडवतो असे लोक मानत. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याच्या नकळत होणाऱ्या हालचालीवरून थांबतो. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी हस्तक आणि कुत्रा अशा १८ प्रशिक्षित जोड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. त्या जागेत शोधायचा वास कोठेही नव्हता, मात्र काही ठिकाणी तो असल्याचे हस्तकांना सांगितले होते. बहुसंख्य फेऱ्यांत हस्तकांनी कुत्र्याने खूण दिल्याचे नोंदवले आणि अशा खोट्या खुणा दोनशेहून अधिक झाल्या. म्हणून नमुना कोठे आहे हे हस्तकाला माहीत नसलेला सराव, आणि शक्य असेल तेथे जवळ उभ्या असलेल्या कोणालाच ते माहीत नसलेला सराव, हा मी माझ्या शिकवण्याचा कणा केला.

पदवीचे शिक्षण खरोखर उपयोगी पडते ते येथे. मी जे सात वर्षे चुकत शिकलो ते प्राणिवर्तनाचा नीट अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षात कळू शकते. बक्षीस किती सेकंदांत मिळाले तर ते योग्य कृतीशी जोडले जाते, बक्षिसाची वारंवारता कमी करताना वर्तन का टिकते, भीतीने शिकलेला कुत्रा नव्या जागी का कोलमडतो, चाचणीचे निकाल योगायोगापेक्षा वेगळे आहेत हे कसे ठरवायचे, हे सर्व शास्त्र आहे आणि ते पुस्तकातून शिकता येते. आमच्या पिढीतील पुष्कळ कुत्र्यांना काटेरी पट्ट्याचे आणि उपाशी ठेवण्याचे जे दुःख सोसावे लागले ते केवळ हे शास्त्र आमच्यापर्यंत न पोहोचल्यामुळे. त्याबद्दल मला आजही मनापासून वाईट वाटते.

दुसरा उपयोग न्यायालयात होतो. मागकाढ्या कुत्र्याच्या पुराव्याबाबत अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, जो १९७० च्या विधिवृत्तांत (न्यायालयीन निकालांच्या छापील संग्रहात) आला, आजही वाचण्यासारखा आहे. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन शपथेवर बोलू शकत नाही, त्याच्या वतीने हस्तकाला सांगावे लागते आणि माणसाचे स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून ठेवता येणार नाही, हे आक्षेप त्यात मांडले आहेत, आणि असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला सहसा फारसे वजन नसते असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे कुत्र्याने दाखवलेल्या जागी वस्तू सापडते तेव्हाच त्याचे काम तपासाला बळ देते, आणि हस्तकाची उलटतपासणी होते तेव्हा त्याच्या नोंदवहीतील प्रत्येक तारीख, प्रत्येक चुकलेला सराव, प्रत्येक आंधळी (नमुना कोठे आहे हे हस्तकाला माहीत नसलेली) चाचणी त्याच्या बाजूने उभी राहते. ज्या नोंदवहीत एकही चूक लिहिलेली नाही, तिच्यावर हुशार वकील विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये.

परदेशाबद्दल विचारले आहे. या विषयाला वाहिलेली पदवी अमेरिकेत आहे: न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या कोबलस्किल येथील महाविद्यालयात श्वान प्रशिक्षण व व्यवस्थापन हा पदवी अभ्यासक्रम चालतो. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक विद्यालयाने ११ सप्टेंबर २०१२ रोजी कामकरी कुत्र्यांचे केंद्र सुरू केले. ते उभारणाऱ्या डॉ. सिंथिया ओट्टो यांनी न्यूयॉर्कवरील २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर ढिगाऱ्यावर राबणाऱ्या शोधकुत्र्यांवर उपचार केले होते आणि पुढे अनेक वर्षे त्या कुत्र्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला. तेथे पिले सुमारे आठ आठवड्यांची असताना येतात, दिवसा केंद्रात शिकतात आणि रात्री सांभाळणाऱ्या कुटुंबात राहतात. ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण पिलाच्या आयुष्यातील तिसऱ्या ते साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याने माणसे, आवाज, जिने, गुळगुळीत फरशा पाहण्याचा असतो. तो काळ पिंजऱ्यात गेला की पुढे कोणताही प्रशिक्षक त्याची पूर्ण भरपाई करू शकत नाही.

परंतु तेथे गेल्याने नोकरीचे दार आपोआप उघडते असे समजू नका. अमेरिकेतही पोलिसांचा श्वान हस्तक हा आधी पोलीस असतो आणि लष्करी कुत्र्याचा हस्तक आधी सैनिक असतो. परदेशी विद्यार्थ्याला ही दोन्ही दारे बहुतेक बंदच असतात. उरतात त्या खासगी संस्था, वन्यजीव संवर्धनासाठी कुत्रे वापरणाऱ्या संघटना आणि दिव्यांगांसाठी सहायक कुत्रे तयार करणाऱ्या संस्था. तेथे शिकून भारतात परतायचे आणि येथे चांगली शाळा उभी करायची असा तुमचा पक्का विचार असेल, तर त्या पदवीला अर्थ आहे. शेतावर कर्ज काढून, परत कोठे नोकरी मिळेल हे न ठरवता जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

वडिलांच्या सांगण्याकडे तुम्ही थोडे दुर्लक्ष केले आहे असे तुमच्या प्रश्नातील सुरावरून वाटते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. तुमच्याच सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेले आहे आणि प्रवेश नीट परीक्षेतून होतो. आंतरवासितेसह साडेपाच वर्षांच्या या शिक्षणात कुत्र्याचे सांधे, फुप्फुसे, आहार, आजार आणि प्रजनन यांचे जे ज्ञान मिळते ते कोणत्याही प्रशिक्षणशाळेत मिळणार नाही. लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये अधिकारी होण्याचा रस्ता हीच पदवी आहे, आणि देशातील श्वान प्रशिक्षणाची दिशा ठरवणाऱ्यांत पशुवैद्यक मोठ्या संख्येने आहेत. माझ्या पाहण्यातील सर्वांत चांगला प्रशिक्षक पशुवैद्यक होता. कुत्रा काम टाळतो आहे असे आम्ही म्हणत असताना, त्याचा मागचा सांधा दुखतो आहे हे तो त्याच्या बसण्याच्या पद्धतीवरून ओळखत असे.

उन्हाचेच उदाहरण घ्या. कुत्र्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते आणि घाम काढून थंड होण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही, म्हणून तो तोंडाने धापा टाकतो. धापा टाकताना हवा मुख्यतः तोंडावाटे खेळते आणि नाकाने बारकाईने हुंगणे मागे पडते. म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता वाहनतळ तपासायला लावलेला कुत्रा दमलेला तर असतोच, शिवाय त्याचे नाकही अर्धे बंद पडलेले असते. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघाताने जीव जाऊ शकतो. वरिष्ठांचा आदेश असतानाही ‘आता हा कुत्रा कामाला लावता येणार नाही’ असे सांगण्याचा अधिकार आणि आत्मविश्वास पशुवैद्यकाकडे असतो. आम्हा हस्तकांना तो मिळवायला वर्षे लागली. नीटचा निकाल अनुकूल आला नाही, तर प्राणिशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन पदवी करावी. प्राणिवर्तनाचे पदव्युत्तर शिक्षण त्यावरून पुढे घेता येते आणि पोलीस भरतीचा प्रयत्नही सोबत चालू ठेवता येतो.

काम कोठे आहे हेही पाहून ठेवा. मावळात सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आहे. याच दलाचे कुत्रे फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील भूकंपानंतर तेथे गेले आणि त्यांतील ज्युली नावाच्या कुत्रीने ढिगाऱ्याखाली जिवंत असलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा माग दाखवला. वन्यजीव गुन्ह्यांचा शोध घेणारे कुत्रे तयार करण्याचा कार्यक्रम वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने भारतात २००८ पासून चालवला आणि तसे कुत्रे महाराष्ट्राच्या वनखात्याकडेही आहेत. खासगी सुरक्षा क्षेत्रात मागणी पुष्कळ असली तरी दर्जा फार खालीवर आहे, आणि दारापाशी बारा-बारा तास बांधून ठेवलेले कुत्रे पाहिले की तेथे शिकलेल्या माणसांची किती गरज आहे हे जाणवते.

तुमच्या मामांकडे कारवान जातीचा कुत्रा आहे आणि त्याला पोलिसी कामाला लावता येईल का, असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. कारवान, पश्मी आणि मुधोळ हे आपल्या दख्खनच्या पठारावरचे, नजरेने सावज टिपून धावणारे कुत्रे आहेत. मुधोळ लष्कराने मेरठला नेऊन पाहिला आहे. या कुत्र्यांचा काटकपणा आणि उन्हातला टिकाव मला फार प्रिय आहे, परंतु चेंडूसाठी तासभर एकाच खोलीत नाक लावून फिरण्याची ओढ त्यांच्यात लॅब्रेडॉरइतकी सहसा आढळत नाही. मामांच्या कारवानला मोकळे रान आणि प्रेमाची माणसे पुरेशी आहेत.

घरचा लॅब्रेडॉर मात्र शिकण्यासाठी उत्तम आहे. पत्र्याच्या सहा सारख्या डब्या घ्या, झाकणांना भोके पाडा आणि एकीत लवंगेच्या तेलाचा एक थेंब टाकलेला कापूस ठेवा. ती डबी नेहमी तीच राहू द्या, इतर डब्यांना तेलाचा हात लागू देऊ नका आणि हाताळणाऱ्याच्या हाताचा वास सगळ्या डब्यांना सारखा लागेल याची काळजी घ्या. पहिले काही दिवस लवंगेवर नाक टेकले की त्याच क्षणी बक्षीस द्या. सकाळी ऊन चढण्यापूर्वी दहा मिनिटे पुरतात आणि कुत्र्याला आणखी खेळावेसे वाटत असतानाच थांबावे. तीन-चार आठवड्यांनी धाकट्या भावाला डब्या लपवायला सांगा. त्याने आपण कोठे ठेवल्या ते तुम्हाला सांगू नये आणि तुम्ही शोधत असताना त्याने दुसऱ्या खोलीत थांबावे. दर पाच फेऱ्यांत एका फेरीत त्याने लवंगेची डबी ठेवूच नये. प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, कुत्र्याने कोठे खूण दिली आणि डबी प्रत्यक्षात कोठे होती, हे वहीत लिहा. कुत्रा चुकला की त्या नोंदीपुढे, त्या क्षणी आपण कोठे उभे होतो आणि कोठे पाहत होतो, तेही लिहा. अशा दोनशे फेऱ्यांची वही घेऊन तुम्ही शिरवळला किंवा शिवाजीनगरला एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाला भेटलात, तर तो तुम्हाला बसवून घेऊन बोलेल, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते.